आठवडा कारखान्याचा, आठवडा वर्गाचा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून एका जुन्या सहकाऱ्यांनी मला दारातच अडवले. "सहकारी शिक्षण म्हणजे साखर कारखान्यांच्या इंजिनिअरिंग कॉलेजांवर बोलणार ना? मग जरा चांगले झोडपा," असे ते म्हणाले. त्यांची निराशा करणे मला भाग आहे. अमेरिकेत आणि कॅनडात 'को-ऑपरेटिव्ह एज्युकेशन' या नावाने जी पद्धत दीर्घकाळ चालत आली आहे, तिचा आपल्या सहकारी चळवळीशी नावापलीकडे संबंध नाही. विद्यापीठ आणि कामाचे ठिकाण यांनी मिळून विद्यार्थ्याला शिकवायचे. त्याने काही काळ वर्गात आणि काही काळ कामावर काढायचा, आणि कामावरच्या काळाचा मोबदला हक्काने घ्यायचा, अशी ती पद्धत आहे. घोटाळा होऊ नये म्हणून मी तिला 'सहयोगी शिक्षण' म्हणेन. साखर कारखान्यांकडे शेवटी यावे लागेलच, तेव्हा त्या सहकाऱ्यांनी मध्येच उठून जाऊ नये.

हा विषय आजच का काढला, ते सांगतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीच्या अभ्यासक्रमात कामाच्या अनुभवाला स्थान दिले. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने शिकाऊ उमेदवारी किंवा आंतरवासिता अंतर्भूत असलेल्या पदव्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. महाराष्ट्रात २०२३ पासून टप्प्याटप्प्याने कार्यप्रशिक्षण हा पदवीचा भाग होत आहे. श्रेयांकांच्या हिशेबाने चार श्रेयांक म्हणजे साधारण एकशेवीस तासांचे काम. कागदावर हे सारे आपल्याला आवडावे असेच आहे. श्रमाला शिक्षणात प्रतिष्ठा मिळावी असे आपण वर्षानुवर्षे म्हणत आलो आहोत.

परंतु गेल्या उन्हाळ्यात वाणिज्य शाखेच्या एका विद्यार्थ्याने मला आपली कार्यप्रशिक्षणाची वही दाखवली. एकशेवीस तासांच्या एकशेवीस नोंदी, एकाच शाईने, एकाच बैठकीत लिहिलेल्या. प्रत्यक्षात तो एका गोदामात नऊ दिवस गेला होता. तेथे त्याने खोक्यांवर लेबले चिकटवली आणि मालकाच्या मुलाला शाळेतून आणले. पैसे मिळाले नाहीत, एस.टी.चे भाडे घरचे. महाविद्यालयातून कोणी फिरकले नाही. दहाव्या दिवशी मालकाने सगळ्या पानांवर सही करून त्याला मोकळे केले. "मग शिकलास काय?" असे मी विचारले. तो म्हणाला, "शिक्का कोणाकडे असतो, ते कळले." मुलगा हुशार आहे, यात शंका नाही.

ही वही मनात ठेवून आपण एकशेवीस वर्षे मागे, अमेरिकेतील ओहायो राज्याच्या सिनसिनाटी शहरात जाऊ. यांत्रिक हत्यारे बनविणाऱ्या कारखान्यांचे हे शहर होते. तेथील विद्यापीठात हर्मन श्नायडर नावाचे स्थापत्य अभियांत्रिकीचे प्राध्यापक १९०३ मध्ये रुजू झाले. पेनसिल्व्हेनियातील कोळशाच्या खाणींच्या टापूत जन्मलेला हा मनुष्य. विद्यार्थिदशेत वास्तुविशारदाच्या कचेरीत काम करीत शिकला होता. लीहाय विद्यापीठात शिकवीत असताना त्यांच्या ध्यानात आले, की बाहेर पडल्यावर ज्यांनी नाव काढले, त्यांतील बहुतेकांनी शिकत असताना कोठे ना कोठे नोकरी केली होती. एका संध्याकाळी विद्यापीठाच्या आवारात फिरताना शेजारच्या पोलाद कारखान्याच्या भट्टीचा लोळ आकाशात उठलेला त्यांनी पाहिला आणि त्यांना वाटले, की जगातली उत्तम प्रयोगशाळा कुंपणाच्या पलीकडेच उभी आहे, अशी कथा सांगितली जाते. कथा थोडी रंगवलेली असेल. परंतु विचार खरा होता आणि तो पेनसिल्व्हेनियात कोणी ऐकून घेतला नाही, हेही खरे.

सिनसिनाटीतही विश्वस्तांनी मान्यता दिली ती एका वर्षापुरती, आणि प्रयोग फसल्यास जबाबदारी आमची नाही अशा आशयाची पुस्ती जोडून. (नवीन कल्पनेला संस्थाचालक कसे सामोरे जातात, याबाबत सर्व देशांत एकवाक्यता दिसते.) सप्टेंबर १९०६ मध्ये सत्तावीस विद्यार्थ्यांनिशी हा अभ्यासक्रम सुरू झाला. विद्यार्थ्यांच्या जोड्या लावल्या होत्या. एक जण आठवडाभर कारखान्यात, दुसरा वर्गात. पुढच्या आठवड्यात उलट. शनिवारी वर्गातील विद्यार्थ्याने कारखान्यात जाऊन आपल्या जोडीदाराने काम कोठवर आणून ठेवले आहे ते समजून घ्यायचे, म्हणजे सोमवारी यंत्र खोळंबत नसे. अभ्यासक्रम सहा वर्षांचा होता. कामाच्या आठवड्यांचे वेतन मिळत असे, आणि त्याबद्दल कारखान्याशी रीतसर करार होत असे.

या व्यवस्थेतली खरी किल्ली लोकांच्या सहसा नजरेत येत नाही. विद्यापीठाने 'समन्वयक' नावाचे पद निर्माण केले. हा मनुष्य पदवीधर असे आणि त्याला कारखान्याचे काम ठाऊक असे. सकाळी तो विद्यापीठात, दुपारी कारखान्यांत. विद्यार्थी कोणत्या यंत्रावर आहे, काय करतो, त्या कामामागचे शास्त्र त्याला कळते का, हे तो पाहत असे आणि पुढच्या आठवड्यात त्याच कामावरून वर्गात प्रश्न विचारीत असे. विद्यार्थ्याला ओतशाळेतून यंत्रशाळेत, तेथून जोडणीवर, मग कचेरीत असे क्रमाने पुढे सरकवायचे, हे कारखानदाराने मान्य केलेले असे. एकाच लेथवर त्याला सहा वर्षे उभे करता येत नसे. समन्वयकाचा पगार काढून घेतला, तर सिनसिनाटीची सारी योजना माझ्या त्या विद्यार्थ्याच्या वहीवर येऊन थांबेल.

कारखानदारांनी हे औदार्य का दाखवले, असा प्रश्न येथे बसलेल्या प्रत्येकाच्या मनात आला असणार. उत्तर उघड आहे. त्यांना यंत्र जाणणारे आणि माणसांवर देखरेख करू शकणारे तरुण हवे होते. आणि ते घडवण्याचा निम्मा खर्च विद्यापीठ उचलणार होते. डेव्हिड नोबल या इतिहासकाराने १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अमेरिका बाय डिझाइन' या ग्रंथात अमेरिकेतील अभियांत्रिकी शिक्षण मोठ्या कंपन्यांच्या गरजांप्रमाणे कसे वळवले गेले हे सविस्तर दाखवले आहे, आणि त्या हकिगतीत सहयोगी शिक्षणालाही जागा आहे. आपण हा आक्षेप दडवून ठेवण्याचे कारण नाही. मात्र श्नायडर केवळ कंपन्यांचा माणूस होता असे म्हणणेही अन्यायाचे होईल. कामाचे दोन प्रकार असतात, असे त्यांनी त्या काळातच मांडले: एक, माणसाची बुद्धी आणि उमेद जागी ठेवणारे, दुसरे, ती शोषून घेणारे. रेल्वे इंजिनचा चालक पहिल्या प्रकारात येतो, आणि स्वयंचलित यंत्रापुढे दिवसभर एकच हालचाल करणारा कामगार दुसऱ्या. दुसऱ्या प्रकारच्या कामात शिक्षण शोधता येत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. आपल्याकडे आज लेबले चिकटवण्याला जे 'कौशल्य' म्हणतात, त्यांनी हे मुद्दाम वाचावे.

पुढे ही कल्पना पसरली. बॉस्टनमध्ये वाय.एम.सी.ए.च्या छत्राखालील शाळेने १९०९ मध्ये आठ विद्यार्थ्यांनिशी ती उचलली. तीच पुढे नॉर्थईस्टर्न विद्यापीठ झाली. तो सगळा इतिहास सांगत बसत नाही. परंतु एका महाविद्यालयाजवळ मात्र थांबले पाहिजे, कारण तेथून एक वाट थेट आपल्या कोल्हापूर जिल्ह्यापर्यंत येते.

ओहायोतच येलो स्प्रिंग्ज येथे अँटिऑक नावाचे एक छोटे महाविद्यालय होते. ते डबघाईला आले असताना आर्थर मॉर्गन यांनी १९२० मध्ये त्याची सूत्रे हाती घेतली. मॉर्गन पूरनियंत्रणाचे अभियंते. स्वतःजवळ महाविद्यालयाची पदवी नव्हती. त्यांनी १९२१ मध्ये सहयोगी पद्धत तेथे आणली ती केवळ अभियंत्यांसाठी नव्हे, तर साहित्य, इतिहास, विज्ञान शिकणाऱ्या सर्वांसाठी. कारखाना, वर्तमानपत्र, इस्पितळ, दुकान, शाळा, कोठेही काम करावे. ज्या समाजात पुढे जगायचे तो आतून पाहावा, हा हेतू. श्नायडर यांच्या योजनेत काम हे व्यवसायाचे शिक्षण होते. मॉर्गन यांच्या योजनेत ते नागरिकत्वाचे शिक्षण झाले. हा फरक लहान नाही.

हेच मॉर्गन १९३३ मध्ये टेनेसी खोरे प्राधिकरणाचे पहिले अध्यक्ष झाले, आणि स्वातंत्र्यानंतर डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या १९४८-४९ च्या विद्यापीठ शिक्षण आयोगाचे सदस्य म्हणून भारतात आले. त्याच आयोगावर डॉ. झाकिर हुसेन होते. गांधीजींनी १९३७ मध्ये वर्ध्याला मांडलेल्या मूलोद्योग शिक्षणाची योजना ज्या समितीने तयार केली, तिचे ते अध्यक्ष. ओहायोतील समन्वयक आणि वर्ध्यातील टकळी एकाच मेजाशी बसली, असा तो प्रसंग. ग्रामीण विद्यापीठांविषयीचे प्रकरण या आयोगाच्या अहवालात आले, त्यामागे मॉर्गन यांचा मोठा हात होता. खेड्याचे पाणी, शेती, आरोग्य, उद्योग हाच अभ्यासक्रम आणि ते काम करत करतच उच्च शिक्षण, ही कल्पना. तिच्यातून १९५६ च्या सुमारास केंद्र सरकारने काही ग्रामीण संस्थांना मान्यता दिली. त्यांत गारगोटीची मौनी विद्यापीठ ही संस्था होती. जे. पी. नाईक यांच्या पुढाकाराने ती १९५२ मध्ये उभी राहिली होती.

मग हे बीज का रुजले नाही? ग्रामीण संस्थांच्या पदविकेला नोकरीच्या बाजारात विद्यापीठाच्या पदवीइतका मान मिळाला नाही. खेड्यातील बापाने मुलाला शिकायला पाठवले होते ते खेड्यातून सुटका व्हावी म्हणून; त्याला पुन्हा खेड्याचेच शिक्षण देणारी संस्था दुय्यम वाटली, यात त्याचा काय दोष? आपल्या पुढाऱ्यांची मुले गारगोटीला गेली नाहीत. जे शिक्षण फक्त गरिबांसाठी म्हणून राखून ठेवले जाते, ते हळूहळू गरीब शिक्षण होते.

हीच गोष्ट 'कमवा व शिका' या आपल्या घरच्या परंपरेबाबत म्हणावीशी वाटते, आणि ती म्हणताना मला संकोच होतो, कारण कर्मवीर भाऊराव पाटलांचे ऋण आपल्यापैकी अनेकांच्या घरावर आहे. १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी महाविद्यालय याच तत्त्वावर उघडले. मुले शेतावर राबली, त्यांनी दगड वाहिले, इमारती उभारल्या, आणि फी देण्याची ऐपत नसलेल्या घरांतून पदवीधर निघाले. अण्णांच्या योजनेत मालक नव्हता. जमीन संस्थेची, पीक वसतिगृहाच्या पंगतीत, श्रम मुलांचे. श्नायडर यांना ही सोय कधीच नव्हती. मात्र या श्रमाचा आणि वर्गातील पाठाचा सांधा जुळवणारा समन्वयक आपण कधी नेमला नाही. आज विद्यापीठांत 'कमवा व शिका' म्हणजे गरजू विद्यार्थ्याने दिवसाचे दोन-तीन तास ग्रंथालयात पुस्तके लावणे किंवा बागेला पाणी घालणे. त्यातून त्याची मेस चालते, ही सामान्य गोष्ट नाही. मी तिची टिंगल करणार नाही. पण पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी बागेला पाणी घालतो आणि डॉक्टरांचा मुलगा घालत नाही, तेव्हा त्याला श्रमप्रतिष्ठा म्हणू नये.

कॅनडातील वॉटर्लूची गोष्ट याच्या उलट आहे. १९५७ च्या जुलैत पंचाहत्तरच्या आसपास मुले (सगळे मुलगेच, मुलगी एकही नाही) तात्पुरत्या खोल्यांत अभियांत्रिकी शिकू लागली. काही महिने वर्ग, काही महिने काम, पुन्हा वर्ग. जुन्या विद्यापीठांनी नाके मुरडली. आज तेथे वीस हजारांहून अधिक विद्यार्थी या पद्धतीने शिकतात. आणि ती गरिबांची सोय न राहता विद्यापीठाची ओळख झाली आहे. जर्मनीतही १९७४ पासून बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात कंपनीशी करार करून तीन-तीन महिन्यांच्या पाळ्यांनी शिकण्याची सोय झाली, आणि २००९ मध्ये त्या संस्थांना विद्यापीठाचे रूप मिळाले. तेथे वर्गातल्या महिन्यांचेही वेतन मिळते. शिवाय जर्मन कारखान्यांतील कामगार-मंडळांना प्रशिक्षणाच्या बाबतीत बोलण्याचा अधिकार कायद्यानेच दिला आहे.

अमेरिकेत मात्र सरकारी अनुदानाचा एक धडा मिळाला. १९७० च्या सुमारास केंद्रीय निधी मिळू लागताच शेकडो महाविद्यालयांनी असे विभाग उघडले. १९९० नंतरच्या दशकात निधी आटला, तसे त्यांतील पुष्कळ बंद पडले. ज्यांनी समन्वयकाचा पगार आपल्या अंदाजपत्रकात धरला होता, ते टिकले. आणि बाजार पडला, की सर्वांत आधी विद्यार्थ्याचे काम जाते, हे १९३० नंतरच्या महामंदीत सर्वांनीच पाहिले होते.

आता आपल्या कायद्याकडे वळू. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात १९७३ च्या दुरुस्तीने पदवीधर आणि पदविकाधारक अभियंते आले. २०१४ च्या दुरुस्तीने इतर शाखांचे पदवीधरही आले. २०१९ च्या नियमांनी पदवीधर शिकाऊचे किमान विद्यावेतन दरमहा ९,००० रुपये ठरवले. या कायद्याचे अठरावे कलम सांगते, की शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. कामगार कायदे त्याला लागू होणार नाहीत. सुरक्षितता, कामाचे तास, अपघाताची भरपाई यांपुरते संरक्षण कायद्याने ठेवले आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील कामगाराच्या व्याख्येत शिकाऊचा नावाने उल्लेख होता. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने या कायद्याखालील शिकाऊला व्याख्येतूनच वगळले. म्हणजे सिनसिनाटीचा विद्यार्थी करार करून कामगार झाला आणि शिकला. आपला विद्यार्थी कामगार नाही अशी आधी खात्री करून घेऊन मग त्याला यंत्रावर उभे केले जाते.

आणि हे झाले कायद्याच्या आत असलेल्यांचे. २०१३ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने 'नीम' नावाची योजना काढली. तिच्यातील मुले ना शिकाऊ, ना कामगार. चाकणच्या पट्ट्यात संघटनेचे काम करणाऱ्यांना त्याचा अर्थ मी सांगण्याची गरज नाही. उत्पादनाच्या साखळीवर कायम कामगाराशेजारी उभा असलेला निळ्या शर्टातील मुलगा वर्ष-दोन वर्षांनी बदलत राहिला, काम तेच राहिले. ती योजना पुढे मागे घेण्यात आली. पण पदवीतील कार्यप्रशिक्षणाचा विद्यार्थी तर याहून उघड्यावर आहे. त्याच्याशी बहुधा करारच नसतो. हात यंत्रात सापडला, तर तो कोणाचा कोण, हे ठरवण्यातच महिने जातील.

जागा कोणाला मिळते, हा दुसरा प्रश्न. १९६१ च्या कायद्यात नियत व्यवसायांमध्ये अनुसूचित जाती-जमातींसाठी आणि नंतर इतर मागासवर्गीयांसाठी शिकाऊंच्या जागा राखून ठेवण्याची तरतूद आहे. विद्यार्थ्याने स्वतः शोधून आणायच्या कार्यप्रशिक्षणाला असे काही नाही. ज्याचा मामा बँकेत आहे, तो बँकेत जातो. आश्रमशाळेतून आलेल्या मुलीला मामा असतो, पण तो ऊसतोडीला गेलेला असतो. महाविद्यालयाच्या दारात जो हक्क घटनेने मिळवून दिला, तो कंपनीच्या दारात ओळखीपाळखीच्या हवाली होतो.

काही सहकारी म्हणतात, की हे सारे थोतांड आहे, याला सरळ विरोध करावा. मला ते पटत नाही. विरोध केल्याने लेबले चिकटवणारा मुलगा वर्गात परत येईल, आणि वर्गात त्याला काय मिळत होते, तेही आपण जाणतो. हिशेब ठेवणारी मुले पतपेढीचे खाते पाहिल्याशिवाय पदवीधर होतात. शेतकी शिकलेला दूध संघात पाऊल ठेवत नाही. कामाशी नाते तोडलेले शिक्षण हे आपल्या जातिव्यवस्थेचेच अपत्य आहे. ते वाचवण्यासाठी आपण का लढावे?

म्हणून मागणी मांडायची ती अशी. एक पैसाही न देता कोणत्याही विद्यार्थ्याचा तास घेता येणार नाही. लेखी करार आणि अपघाताची भरपाई असलीच पाहिजे. दर महाविद्यालयात समन्वयकाचे अनुदानित पद हवे. आहे त्याच प्राध्यापकाच्या डोक्यावर आणखी एक तक्ता नको. जागांची यादी महाविद्यालयाने फलकावर लावावी आणि राखीव जागांच्या नियमाने वाटावी. आणि कामगार संघटनांनी या मुलांना सभासद करून घेता येत नसेल, तर निदान आपल्या मागणीपत्रात त्यांच्यासाठी एक कलम घालावे. कायम कामगारांना ही मुले आपल्या पोटावर आलेली वाटतात. दोष त्यांचा नसला, तरी तो समज दूर करण्याचे काम आपलेच आहे.

जागा आणायच्या कोठून? येथे मी वचन दिल्याप्रमाणे साखर कारखान्यांकडे येतो. या राज्यात सहकारी साखर कारखाने, दूध संघ, जिल्हा बँका, सूतगिरण्या, बाजार समित्या यांचे जाळे आहे. एस.टी.चे डेपो आहेत, नगरपालिकांचे पाणीपुरवठा विभाग आहेत, प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत. साखर कारखान्याच्या एका गळीत हंगामात रसायन, यंत्र, हिशेब, वाहतूक आणि ऊसतोड कामगारांच्या कोपींतले आरोग्य, एवढे सगळे शिकण्यासारखे असते. हे कारखाने सभासदांच्या मालकीचे आहेत, निदान कागदावर. त्यांच्या वार्षिक सभेत शेतकरी सभासद उठून विचारू शकतो, की आमच्या तालुक्यातील किती विद्यार्थ्यांना तुम्ही या हंगामात पगारी काम दिले आणि त्यांना कोणत्या खात्यांतून फिरवले. खाजगी कंपनीच्या दारात हा प्रश्न विचारण्याची सोय नाही.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या तालुक्यातील एका महाविद्यालयात जाऊन दोन-चार विद्यार्थ्यांच्या वह्या पाहून याव्यात. सही कोणाची आहे, काम काय केले, पैसे किती मिळाले आणि महाविद्यालयातून कोणी पाहायला गेले होते का, एवढेच टिपून आणा. ऊस कारखान्यात पडायला अजून अवकाश आहे. वार्षिक सभा त्याआधी येतात.